धूळपाटी आणि कांचेची पाटी

अलिबागहून निघून रेवदंड्याची खाडी ओलांडली आणि कोर्लईचा किल्ला उजव्या हातास टाकला, म्हणजे मुरूडकडे जाणारा रस्ता कधीं डोंगराच्या कडेनें तर कधीं समुद्राच्या कांठानें वळणें घेत काशीदला पोंचतो. येथील वाळू पांढुरकी व बारीक आहे. ओहोटीचें पाणी मागें हटलें कीं ती ओली, घट्ट आणि सपाट अशी दूरवर पसरलेली दिसते. अशा वाळूवरून जातांना ज्याच्या बोटास अथवा पायाच्या अंगठ्यास एक तरी रेघ ओढण्याची इच्छा होत नाहीं असा मनुष्य विरळा. गेल्या हिवाळ्यांत आम्ही घरच्या मंडळींसह तेथें दोन दिवस होतों. सकाळीं मुलांनीं काटक्या घेऊन किनाऱ्यावर गलबतें, मासे, घरें, जें मनांत येईल तें काढण्याचा सपाटा लावला. आमच्या भाचीची नऊ वर्षांची मुलगी मात्र सुरूच्या सावलींत बसून मांडीवरच्या टॅब्लेटवर गलबत काढीत होती. थोड्या वेळानें ती कुरकुरली, "आजोबा, ही रेघ माझ्या बोटाच्या मागून येते. वाळूवरची नाहीं येत."

पोरीची तक्रार तशी क्षुल्लक. पण तीवरून आम्हीं जो विचार केला तो वाचकांपुढें मांडावा असें वाटतें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असे टॅब्लेट अथवा मोठे फोन आहेत, आणि त्यांत चित्र काढण्याचीं ॲपेंही आहेत. तीं सुधारण्याचा उद्योग जगभर अखंड चालू असून, नवे कुंचले, नवे रंग आणि नव्या सोयी यांची जाहिरात वारंवार कानीं येते. परंतु सुधारणा कशास म्हणावें हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याचें उत्तर जाहिरातीपेक्षां इतिहासांत सांपडण्याचा संभव अधिक. लिहिण्याचा अथवा चित्र काढण्याचा कोणताही पृष्ठभाग घ्या. मनुष्याचा हात त्यास तीन प्रश्न विचारीत आला आहे. बोट जेथें आणि जेव्हां टेंकेल तेथें आणि तेव्हांच रेघ उमटेल काय? चुकलें तर पुसतां येईल काय? आणि साधलें तर तें टिकेल काय? या तीन प्रश्नांस धुळीनें, दगडानें, कागदानें आणि कांचेनें निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्या उत्तरांचा हा थोडक्यांत आढावा आहे.

आपल्याकडील मुलांची जुनी पाटी धुळीची. पंतोजीच्या शाळेंत फळीवर बारीक धूळ पसरून तींत मुलें बोटानें किंवा काडीनें अक्षरें गिरवीत. धुळाक्षरें हा शब्द त्या वहिवाटीची खूण म्हणून भाषेंत राहिला आहे. आपल्या गणितशास्त्रानेंही पाटीगणित हें नांव अशाच एका फळीवरून घेतलें, आणि धुळींत आंकडे मांडून करावयाच्या हिशेबास धूलिकर्म म्हटलें. पहिल्या प्रश्नास धुळीचें उत्तर निर्दोष आहे. बोट आणि रेघ यांमध्यें तेथें कांहींच नाहीं. बोट जाईल तीच रेघ. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरही तितकेंच सरळ. तळहात फिरवला कीं पाटी कोरी. तिसऱ्या प्रश्नापुढें मात्र धूळ निरुत्तर होते.

हा दोष परकीयांच्याही ध्यानांत आला होता. हिंदी अंकगणित अरबी मुलखांत गेलें तें आपल्या धुळीसकट गेलें. इसवी सनाच्या ९५२-५३ च्या सुमारास दमास्कस येथें अल्-उक्लीदिसी नांवाच्या गणित्यानें या हिंदी हिशेबपद्धतीवर ग्रंथ लिहिला, आणि त्यांत धूळपाटी सोडून कागद व शाई वापरण्याची रीत बसवून दिली. त्याचा मुख्य आक्षेप मार्मिक आहे. धुळीवर मधले आंकडे पुसत पुसत पुढें जावें लागतें. त्यामुळें शेवटचें उत्तर हातीं आलें तरी तेथपर्यंतची वाट नाहींशी झालेली असते, आणि चूक कोठें झाली हें मागाहून तपासतां येत नाहीं. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे पोटभरू लोकही तीच पाटी वापरतात, असाही एक टोमणा त्यानें मारला आहे. पुसण्याची सोय हीच कधीं कधीं पुसण्याची आपत्ति होते, हें त्या गणित्यानें हजार वर्षांपूर्वीं ओळखलें होतें. त्याची आठवण पुढें पुन्हा करावी लागेल.

अल्-उक्लीदिसीनंतर सुमारें ऐंशी वर्षांनीं अल्-बेरूनीनें हिंदुस्थानांतील शाळांत मुलें काळ्या पाट्यांवर पांढऱ्या पदार्थानें लिहितात असें लिहून ठेवलें आहे. पुढें इंग्रजी अमदानींत लांकडी चौकटीची दगडी पाटी घरोघर आली. तीवरील पेन्सिलीची करकर आणि ओल्या फडक्याचा वास ज्यांच्या लहानपणीं होता असे वाचक अजून पुष्कळ असतील. दगडी पाटी धुळीहून स्वच्छ आणि सुटसुटीत. पण तिचा स्वभाव धुळीचाच. दुसऱ्या दिवसाच्या धड्यासाठीं आदल्या दिवसाचें चित्र पुसावेंच लागे. टिकाऊपणासाठीं मनुष्य कागदाकडे वळला, आणि तेथें पुसणें अवघड झालें. एका पृष्ठभागावर एक गुण मिळाला तर दुसरा हातचा जातो, असा हा जुना व्यवहार आहे.

कागदावर अथवा कापडावर उतरलें म्हणजे टिकलें, ही समजूतही पुरती खरी नाहीं. याचा कटु अनुभव महाराष्ट्रांतील एका थोर कार्यास दोनदां आला. १८४४ सालीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामीं नेमणूक झाली. लेण्यांच्या अंधारांत वर्षानुवर्षें खपून त्यानें केलेल्या नकला विलायतेस गेल्या, आणि १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतील बहुतेक भस्म झाल्या. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून मुंबईस १८५७ सालीं कलाशाळा निघाली होती. तिचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपले विद्यार्थी बरोबर घेऊन १८७२ च्या सुमारास तेंच काम पुन्हा आरंभिलें आणि तें दहा-बारा वर्षें चालविलें. याही नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथें नेऊन ठेवल्या, आणि १८८५ च्या आगींत त्यांतील पुष्कळ जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ सालीं छापून निघाला आणि त्यामुळें त्या परिश्रमाचा कांहीं भाग तरी अनेक ग्रंथालयांतून सुरक्षित राहिला. एके ठिकाणीं ठेवलेली एकच प्रत म्हणजे न ठेवल्यासारखीच, हा त्या दोन आगींचा धडा. कागद टिकाऊ असतो तो केवळ आपल्या अंगच्या गुणानें नव्हे. त्याच्या प्रती होतात आणि त्या अनेकांच्या घरीं जातात म्हणून.

आतां कांचेकडे वळूं. काशीदहून समुद्रमार्गानें मुंबई कांहीं फार दूर नाहीं. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेलें टिफ्रॅक हें संगणकयंत्र १९६० सालीं कामास लागलें. त्यास कांचेच्या किरणनळीचा एक पडदा जोडला होता आणि त्यावर आलेख व अक्षरें उमटत. आपल्या देशांत कांचेवर यंत्रानें रेघ ओढण्याच्या अगदीं आरंभींच्या प्रयत्नांत याची गणना करावी लागेल. परंतु तेथें रेघ ओढणारें यंत्र. मनुष्य केवळ प्रेक्षक.

मनुष्याच्या हातास त्या कांचेवर प्रवेश मिळाला तो अमेरिकेंत. आयव्हन सदरलंड या तरुण विद्यार्थ्यानें १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत सादर केलेल्या प्रबंधांत स्केचपॅड नांवाची योजना वर्णिली आहे. प्रकाश ओळखणारी एक लेखणी पडद्यावर टेंकवावी, म्हणजे यंत्र तिचा माग काढतें आणि रेघ ताणून दाखवितें. दोन रेघा समांतर असाव्यात असें सांगितलें तर त्या स्वतः समांतर करून देतें. आजच्या सगळ्या चित्रॲपांचें मूळ येथें आहे. पुढल्याच वर्षीं रॅन्ड या संस्थेनें मेजावर ठेवण्याची दहा इंची चौकोनी पाटी तयार केली. तिच्या पोटांत तारांचें बारीक जाळें असून लेखणी कोठें आहे हें त्यावरून कळे. हात मेजावर सुखानें टेंकूं लागला हें खरें, पण रेघ समोरच्या पडद्यावर उमटे. हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, अशी फारकत येथें झाली. १९८४ साली ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशबरोबर आलेला बिल ॲटकिन्सन यांचा मॅकपेंट हा कार्यक्रम घरगुती चित्रकारांत अत्यंत लोकप्रिय झाला. परंतु तेथेंही चित्र काढावयाचें तें मेजावर माउस सरकवून. ज्यांनीं माउसनें स्वतःची सही करून पाहिली असेल त्यांस त्यांतील अवघडपणा निराळा सांगण्याचें कारण नाहीं. धुळीनें जो पहिला गुण फुकट दिला होता तो एवढ्या महाग यंत्रांत हरवला होता.

तो परत मिळविण्याचा मार्ग म्हणजे स्पर्श. इंग्लंडांत माल्व्हर्न येथील रडार संस्थेंतील ई. ए. जॉन्सन यांनीं विमानांच्या वाहतुकीचें नियंत्रण सुलभ व्हावें म्हणून बोटानें चालणाऱ्या पडद्याची कल्पना १९६५ सालीं प्रसिद्ध केली. पुढें स्पर्शाचे दोन मुख्य प्रकार रूढ झाले. एका प्रकारांत वरचा लवचिक पापुद्रा बोटानें दाबला कीं तो खालच्या पापुद्र्यास टेंकतो आणि यंत्रास जागा समजते. येथें दाब द्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारांत कांचेखालीं विजेचें सूक्ष्म जाळें असतें आणि बोटाच्या नुसत्या स्पर्शानें त्यांत फरक पडतो. येथें दाबण्याचें कारण नाहीं. हा भेद किती महत्त्वाचा आहे हें आपल्या देशानें जवळून पाहिलें. विद्यार्थ्यांस स्वस्तांत टॅब्लेट मिळावा म्हणून सरकारनें काढलेला 'आकाश' २०११ च्या ऑक्टोबरांत जाहीर झाला तेव्हां त्याचा पडदा दाबाचा होता. मग हें काम मुंबईच्या आय. आय. टी. कडे आलें, आणि २०१२ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत नुसत्या स्पर्शाचा पडदा बसविला गेला. ती योजना पुढें फार काळ चालली नाहीं. तथापि बोटास बळ लावावें लागूं नये, ही तेथें झालेली सुधारणा योग्य दिशेची होती.

तरीही आमच्या नातीची तक्रार उरतेच. कांचेवर बोट आलें, पण रेघ मागून येते ती कां? याचें कारण असें कीं कांच स्वतः रेघ काढीत नाहीं. स्पर्श टिपणें, तो कोठें झाला याचा हिशेब करणें, ॲपानें त्यावरून रेघ रचणें आणि मग पडद्यानें ती उजळणें, इतकीं कामें एकामागून एक व्हावीं लागतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें कीं त्या वेळच्या सामान्य स्पर्शपडद्यांत या सर्वांस मिळून सेकंदाचे सुमारें १०० सहस्रांश लागत. हा काळ ऐकण्यास अल्प वाटतो. परंतु बोट सेकंदास ३० सेंटिमीटर या वेगानें चाललें असेल तर तेवढ्या काळांत रेघ ३ सेंटिमीटर मागें पडते. गलबताची शीड ओढतांना एवढें अंतर मुलाच्या डोळ्यांस खटकणारच. त्याच संशोधकांनीं प्रयोगासाठीं एक सहस्रांशाचा पडदा करून दाखविला, तेव्हां रेघ बोटास चिकटल्यासारखी भासली. ॲपल कंपनीनें २०१९ सालीं आपल्या लेखणीचा विलंब २० सहस्रांशांवरून ९ वर आणला, आणि तोही लेखणी न बदलतां. हात पुढें कोठें जाणार याचा अंदाज बांधून यंत्र तेथपर्यंतची रेघ आधींच काढून ठेवतें, आणि अंदाज चुकल्यास ती गुपचूप दुरुस्त करतें.

दुसरी अडचण रेघेच्या आकाराची. पडदा बोटाची संपूर्ण वाट पाहत नाहीं. ठराविक अंतरानें तो नुसते बिंदु टिपतो, आणि मधली वाट ॲपास कल्पनेनें भरावी लागते. बिंदु सरळ रेघांनीं जोडले तर वर्तुळाच्या जागीं कोपऱ्याकोपऱ्यांची आकृति होते. म्हणून त्यांमधून वळणदार रेषा नेण्याचें गणित वापरतात. यांतील फार वापरांत असलेलें गणित चित्रकारांचें नसून मोटारी बांधणाऱ्यांचें आहे. सित्रोएन कारखान्यांतील द कास्तेल्झो आणि रेनो कारखान्यांतील बेझिये या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं मोटारीच्या अंगाचीं वळणें आंखण्यासाठीं १९५९ पासून पुढील कांहीं वर्षांत तें स्वतंत्रपणें सिद्ध केलें. त्याचा उपयोग मोठा, पण त्यांत एक धोकाही आहे. रेघ फार गुळगुळीत केली कीं ती सगळ्यांचीच सारखी दिसूं लागते. नऊ वर्षांच्या हाताचा कंप हा त्या हाताचा दोष नव्हे. ती त्याची ओळख आहे. तो पुसून टाकणारें ॲप रेघ सुधारतें, चित्र नव्हे.

अशाच आणखी दोन गोष्टी. कागदावर काढतांना आपण तळहात खुशाल टेंकतों. कांचेस बोट कोणतें आणि तळहात कोणता हें ओळखावें लागतें, आणि ओळख चुकली कीं चित्रावर भलताच डाग उमटतो. रंगाचीही तीच गत. निळ्यांत पिवळा मिसळला तर हिरवा होतो हें पहिलींतील मुलासही ठाऊक असतें. परंतु पुष्कळ ॲपांत ते मिसळले तर मळकट राखी रंग निघतो, कारण तेथें रंगद्रव्यें मिसळत नसून प्रकाशाच्या आंकड्यांची नुसती सरासरी काढलेली असते. रंगद्रव्यें प्रकाश कसा शोषतात व परततात याचें गणित कुबेल्का आणि मुंक यांनीं १९३१ सालीं मांडलें होतें. तें पडद्यावर सहज चालेल अशा रूपांत आणण्याची युक्ति २०२१ सालीं दोघां झेक संशोधकांनीं प्रसिद्ध केली. नव्वद वर्षांनंतर कांचेवर निळा व पिवळा मिळून हिरवा झाला! या सगळ्या सुधारणांकडे एकत्र पाहिलें तर त्यांचें स्वरूप एकच दिसतें. त्यांनीं कांचेस नवीन असें फारसें दिलें नाहीं. वाळू, कागद आणि रंगाची वाटी यांपाशीं जें पूर्वींच होतें तें परत आणलें. आमच्या मतें खरी सुधारणा ती हीच, आणि शंभर नव्या कुंचल्यांपेक्षां तिचें मोल अधिक आहे.

दुसऱ्या प्रश्नांत, म्हणजे पुसण्यांत, कांचेनें सर्वांस मागें टाकलें आहे. मॅकपेंटमध्यें शेवटची एकच कृति मागें घेतां येई. आतांच्या ॲपांत शंभर-शंभर पावलें मागें जातां येतें. मुलांच्या भीतीवर हें उत्तम औषध आहे हें आम्हांस मान्य आहे. पण अल्-उक्लीदिसीचा आक्षेप येथें पुन्हा उभा राहतो. वाट पुसली तर शिकणाऱ्यास आपली चूक दिसणार कोठें? याचें एक सुंदर उत्तर २००८ सालीं निघालेल्या ब्रशेस या फोनवरील ॲपानें दिलें होतें. काढलेला प्रत्येक फटकारा क्रमानें सांठवून तें सबंध चित्र पहिल्या रेघेपासून पुन्हा काढून दाखवी. याच ॲपावर फोनवर बोटानें काढलेलें होर्हे कोलोम्बो यांचें चित्र १ जून १९०९ नव्हे, तर १ जून २००९ च्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलें. शतकाचा हा फरक मुद्दाम सांगितला, कारण फोनवर बोटानें काढलेलें चित्र अशा मानाच्या जागीं बसेल हें शंभर वर्षांपूर्वीं कोणास सुचलेंही नसतें. प्रसिद्ध चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनींही तेंच ॲप हातीं धरलें. पुढें २०२० सालीं नॉर्मंडींतील वसंत रंगवितांना त्यांनीं आपल्या गरजेप्रमाणें मुद्दाम बदल करून घेतलेलें ॲप वापरलें, आणि तीं ११६ चित्रें दुसऱ्या वर्षीं लंडनच्या रॉयल ॲकॅडमींत मांडलीं गेलीं. थोर चित्रकारास स्वतःच्या हाताजोगें साधन घडवून घेतां येतें. सामान्य घरांतील मुलास जें मिळेल तेंच चालवून घ्यावें लागतें.

आणि येथें तिसरा प्रश्न येतो. त्या दिवशीं काशीदला आम्हीं नातीस सहज विचारलें, "गेल्या वर्षीं दिवाळींत किल्ल्याचें चित्र काढलें होतेंस, तें दाखव बघूं." ती म्हणाली, "तें गेलं आजोबा. तें ॲपच बंद झालं, मग सगळीच गेलीं." चौकशी केली तेव्हां समजलें तें इतकेंच कीं तें ॲप काढणाऱ्यांनीं आपलें काम आटोपतें घेतलें होतें, आणि चित्रें बाहेर काढून घेण्याची सूचना तिच्या आईच्या नजरेस आली नव्हती. दोन वर्षांचीं पन्नास-साठ चित्रें अशीं नाहींशीं झालीं. साउथ केन्सिंग्टनच्या आगीशीं त्यांची तुलना कोणी करणार नाहीं. पण ज्या घरांत तीं काढलीं गेलीं त्या घरास त्यांची जागा दुसऱ्या कशानें भरून काढतां येणार नाहीं, आणि दोन्हीं ठिकाणीं चूक एकच होती. प्रत एकच होती, आणि ती दुसऱ्याच्या घरीं होती.

धूळपाटी आपण टिकणार असें कधींच म्हणाली नव्हती. कांचेची पाटी तसें म्हणते, आणि म्हणून तिच्याकडून अधिक मागण्याचा आपणांस अधिकार आहे. मॅकपेंटचा मूळ कार्यक्रम २०१० सालीं अमेरिकेंतील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयानें सर्वांस पाहण्यासाठीं खुला केला. ब्रशेसचाही मूळ कार्यक्रम पुढें खुला झाला. असें झालें म्हणजे ॲप मेलें तरी त्यांतील चित्रें वाचण्याची किल्ली हातीं राहते. चित्र कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा सर्वमान्य स्वरूपांत बाहेर काढून देणें, तें घरच्या यंत्रावरच ठेवण्याची मुभा देणें, आणि दुकान बंद करण्यापूर्वीं पुरेसा अवधि देऊन मुलांचीं चित्रें परत करणें, या सुधारणा जाहिरातींत शोभणाऱ्या नाहींत. परंतु पालकांनीं ॲप निवडतांना कुंचल्यांची संख्या विचारण्याआधीं या गोष्टी विचाराव्या.

सायंकाळीं भरती आली. सकाळचीं गलबतें आणि मासे एकेका लाटेबरोबर पुसलें जात होतीं, आणि मुलें तें पाहून टाळ्या पिटीत होतीं. रडलें कोणीच नाहीं, कारण वाळूनें कोणास फसविलें नव्हतें. घरीं परतल्यावर नातीच्या टॅब्लेटवरील काशीदचें गलबत आम्हीं कागदावर छापून घेतलें. एक प्रत तिच्या वहींत चिकटविली, एक तिच्या मामाकडे पुण्यास पाठविली आणि एक आमच्या मेजाच्या खणांत आहे. शिडाची रेघ थोडी वांकडी आहे. ती तशीच ठेवण्याबद्दल तिला निक्षून सांगितलें आहे.